डाग कुणाचा

त्या हिवाळ्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर ताट असायचं, पण त्यात जेवण नसायचं. स्टीलच्या ताटात मऊ फडकं पसरून मी त्यावर काचा मांडून ठेवायचे. चित्र दुप्पट करणारं एक भिंग, तिप्पट करणारं दुसरं, एक लाल फिल्टर, एक पिवळा, आणि काडेपेटीएवढा कॅमेरा. आई मान तिरकी करून ताटाकडं बघायची आणि विचारायची, "आज काय भाजी केली?" तिला सगळं ठाऊक असायचं, पण टोमणा मारल्याशिवाय तिचा दिवस मावळत नाही.

"भिंगाची उसळ," मी म्हणायचे.

"मीठ बेतानं टाक."

मी शेंद्र्याला एका कंपनीत माल तपासते. बेअरिंगच्या रिंगा. बावीस वर्षं झाली. सकाळी सहाला गारखेड्यातून कंपनीची बस पकडायची, ट्यूबलाइटखाली उभं राहून भिंगातून रिंगा बघायच्या, पास किंवा नापास म्हणायचं, आणि साडेचार-पाचला घरी यायचं. घरी येईपर्यंत डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं. नवीन पोरी कामाला लागल्या की त्यांना मी पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवते. रिंगवर डाग दिसला की लगेच नापासच्या पेटीत टाकायची नाही. आधी हातातलं भिंग जरा फिरवायचं. डाग भिंगाबरोबर फिरला तर तो भिंगाचा. जागेवर राहिला तर मालाचा. एवढंसं न केल्यामुळं चांगला माल भंगारात गेलेला मी पाहिलाय. हे सगळं मी इतक्या वेळा बोलले आहे की आता बोलताना माझं मलाच ऐकू येत नाही.

दुर्बीण दहा वर्षांपूर्वीची. तेव्हा हौस होती. पुण्याला निघालेल्या एका ओळखीच्या माणसाकडून जुनीच घेतली होती, ग्रहाच्या मागं आपोआप फिरणाऱ्या मोटरसकट. वर्ष-दोन वर्षं मी गच्चीवर रमले, मग वडील आजारी पडले, मग गेले, मग आईचे डोळे. दुर्बीण दिवाणाखाली गेली आणि तिच्यावर गोधड्या आल्या. ती परत बाहेर निघाली ती माझ्या हौसेनं नाही.

आईच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. समोर बसलेल्या माणसाचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. म्हणून ती सगळ्यांकडं मान वळवून, जरा बाजूला नजर लावून बघते. नव्या माणसाला वाटतं म्हातारी रुसलीय. डोळ्यात इंजेक्शनं चालू आहेत. एके दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की आहे ते टिकवायचा प्रयत्न करतोय, पण पुढच्या वर्षाचं काही सांगता येत नाही. परत येताना रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा ती एकदम म्हणाली, "ती दुर्बीण हाय का अजून?"

"आहे. का?"

"मला शनि बघायचाय. डोळे हायेत तवर."

आमच्या घरात शनि हा शब्द कुणी काढत नसे. वडील वीज मंडळात लाइनमन होते आणि धम्मदीक्षेला पक्के. घरात देव नाही, पत्रिका नाही, अमावस्या नाही. शेजारचं कुणी साडेसाती म्हणालं की ते चिडायचे, म्हणायचे, "खांबावर मी चढतो, तुमचा शनि नाय चढत." त्या घरातल्या बाईला वयाच्या शहात्तराव्या वर्षी शनि बघायचा होता. मला वाटलं, कुठं तरी कड्याचं ऐकलं असेल. ग्रहाभोवती सुंदर गोल कडं असतं, ते मरणाआधी, म्हणजे डोळे मरण्याआधी, बघावं असं वाटलं असेल.

"कशाला पण?" मी विचारलं.

"बघायचाय म्हणलं ना."

पहिल्या संध्याकाळी तिला तीन जिने चढवून गच्चीवर नेलं. प्रत्येक वळणावर बसत बसत वर जायला पाऊण तास लागला. ह्या डिसेंबरात शनि दिवेलागणीलाच डोक्यावर येत होता, जागायची गरज नव्हती, तेवढंच सुख. तिनं दुर्बिणीला डोळा लावला आणि म्हणाली, "अंधार हाय." बरोबरच होतं. दुर्बिणीत ग्रह मधोमध असतो आणि तिच्या मधोमध काही नाही. बाजूनं बघ म्हटलं तर एवढासा ठिपका तिच्या हाती लागेना. शेवटी मी म्हटलं, तू खालीच बस, मी फोटो काढून टीव्हीवर मोठा करून दाखवते. ती उतरताना म्हणाली, "हे आधी सुचलं असतं तर माझे गुडघे वाचले असते."

तर असा तो ताटाचा संसार सुरू झाला.

ज्यानं हे केलं नाही त्याला वाटतं, भिंग लावलं की झालं. दुर्बिणीच्या नळीत आधी भिंग जातं, त्याला आमच्यात बार्लो म्हणतात, आणि मागं कॅमेरा. दोघांत अंतर वाढवलं की चित्र अजून मोठं होतं. फिल्टर कुठं लावायचा त्यावर वेगळीच डोकेफोड. लाल लावला तर हवेची थरथर जरा बसते, पण अंधारून येतं. पिवळा लावला तर उजेड राहतो आणि थरथरही राहते. भिंगाच्या पुढं लाव, मागं लाव, कॅमेऱ्याला चिकटून लाव. प्रत्येक बदलाला परत सगळं काढा, परत घाला, परत ग्रह शोधा. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो, तो संध्याकाळी वाफ सोडतो. खाली गल्लीत पाइपलाइनसाठी रस्ता उकरून ठेवलेला, त्याची धूळ वर. आणि आठवड्यातनं एकदा नळाला पाणी आलं की सगळ्या बिल्डिंगच्या मोटारी एकदम सुरू होऊन गच्ची हादरते, त्या दिवशी शनीला सुट्टी.

त्यात दुष्काळात तेरावा महिना. शनीचं कडं पंधरा-एक वर्षांनी आपल्याकडं काठानं येतं. एखादी बांगडी डोळ्यासमोर आडवी धरली की गोल न दिसता नुसती रेघ दिसते, तसं. ते नेमकं ह्याच हिवाळ्यात आलं होतं. माझ्या पहिल्या फोटोत एक पिवळसर गोळा आणि आरपार गेलेली बारीक रेघ, बास. ह्यात हिला काय दिसणार? मी मनाशी ठरवून टाकलं, कडं दिसायला पाहिजे म्हणजे चित्र मोठं व्हायला पाहिजे. दुपटीचं भिंग होतं त्यावर तिपटीचं चढवलं. लाल फिल्टर कॅमेऱ्याच्या नाकावर बसवला आणि घट्ट आवळला. कंपनीत सैल नट राहिला तर बोलणी बसतात, त्यामुळं माझा हात कशालाही बसला की घट्टच बसतो. शिस्त अशी की ग्रह रोज चौकटीच्या बरोब्बर मधोमध आणायचा, केसभर इकडं तिकडं नाही. रोज शेकडो चित्रं घ्यायची, कंप्युटरवर त्यातली चांगली निवडून एकावर एक रचायची, मग टीव्हीला लावायची. जेवायला नऊ वाजायचे.

मोठं केलं की स्पष्ट होतं, हे खरं नाही. बावीस वर्षं भिंग हातात धरून हे मला कळायला पाहिजे होतं. सहापट मोठा झालेला शनि टीव्हीवर दुधावरच्या सायीसारखा हलायचा. मधोमध एक करडा धब्बा दिसायचा. तो मी कड्याची सावली समजले. कडं आडवं असलं की त्याची सावली गोळ्यावर मधोमध पडते, हे वाचलेलं होतं. उलट मनातनं खूष झाले की एवढं तरी आलं.

आईनं पहिल्या दिवशी बघितलं आणि म्हणाली, "मधी डाग हाय."

"तुझ्या डोळ्यातला तो, आई."

दुसऱ्या दिवशी परत म्हणाली, "मधी डाग हाय बघ." मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय ना, मधलं दिसणार नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी मी उत्तरही दिलं नाही, नुसतं हूं केलं आणि भांडी घासायला गेले. तिचं ऐकत नव्हते असं नाही. ऐकून सोडून देत होते. आंधळं होत चाललेलं माणूस डाग दाखवतंय, त्याला काय लिहून घ्यायचं.

मग तो शुक्रवार आला. कंपनीत बाहेरून तपासणीला माणसं आली होती, दिवसभर बूड टेकलं नाही. दोन पेट्या रिंगा परत आल्या त्याची बोलणी मी खाल्ली. घरी आले तर पाण्याचा दिवस, मोटारी धडधडतायत, वर ढग. गच्चीवर जायचा प्रश्नच नव्हता. पण आत बघते तर आई टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसलेली. वेणी घातलेली, चष्मा पुसलेला, हातात रुमाल. सिनेमाला निघाल्यासारखी. सहापासून बसली होती म्हणे. शनीच्या सुट्टीचं मी तिला सांगायला विसरले होते.

मला तिची कीव यायला पाहिजे होती. मला राग आला. तिचा, माझा, त्या कड्याचा. इतकी दमले होते की चप्पल काढायलाही वाकवत नव्हतं. मी मोबाइल उघडला, इंटरनेटवर शनीचा एक जुना फोटो शोधला, कुण्या परक्या माणसानं कडं पूर्ण उघडं असताना काढलेला, हॅटच्या काठासारखं रुंद कडं, आणि टीव्हीवर लावला.

"आजचा?" तिनं विचारलं.

"हो."

ती बघत राहिली. मान डावीकडं वळवली, मग उजवीकडं, मग परत डावीकडं. मला वाटलं रमली. मी चहा टाकायला उठले.

"ह्यात डाग नाय," ती म्हणाली.

"बरं झालं की. डोळे सुधारले तुझे."

"डोळे नाय सुधारले. माझा डाग मी बघन तिकडं सरकतो. मान इकडं केली की इकडं येतो, तिकडं केली की तिकडं. तुझ्या फोटूतला डाग जागचा हलत नाय. रोज तिथंच असतो. आज नाय." तिनं माझ्याकडं मान वळवली. "हा फोटू तू काढलेला नाय."

मी गॅससमोर उभी होते, पातेलं हातात. भिंग फिरवायचं, डाग फिरला तर भिंगाचा. मी पोरींना शिकवते ते ही बाई खुर्चीत बसून स्वतःच्या डोळ्यावर करत होती, रोज, आणि मला निकाल सांगत होती, आणि मी तिला नापास करून पेटीत टाकत होते.

पण शरम लगेच येत नाही. आधी चोराच्या उलट्या बोंबा. मी पातेलं आपटलं आणि म्हणाले, "मग काय करू? ह्या वर्षी कडं दिसतच नाही, आडवं झालंय. ढग माझ्या हातात आहेत का? दिवसभर उभी असते मी. तुला कडं बघायचं होतं ना, बघितलंस ना?"

"मी कडं कधी म्हणले?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "मी शनि म्हणले."

मी गॅस बंद केला.

"कडं हाय का नाय मला काय करायचंय," ती म्हणाली. "मला तो कसा हाय ते बघायचंय. बस इथं."

मी दहावीत होते तेव्हा वडील खांबावरून पडले होते. खुब्याचं हाड मोडलं, सहा महिने अंथरुणावर. नोकरी राहते का जाते, पाय राहतो का जातो, काही कळत नव्हतं. एवढं मला आठवत होतं. मला माहीत नव्हतं ते आईनं त्या संध्याकाळी सांगितलं. शेजारच्या एका बाईनं तिला सांगितलं होतं की तुझ्या मालकामागं शनि लागलाय, सात शनिवार तेल घाल. तिनं घातलं. भाजीला जाते सांगून, दुसऱ्या वस्तीत, जिथं कुणी ओळखत नाही तिथं जाऊन, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत तेल भरून, पदराखाली लपवून. येताना खरंच भाजी आणायची, म्हणजे पिशवी रिकामी दिसू नये.

"पाय बरा झाला," ती म्हणाली. "डॉक्टरनंच केला. मला काय कळत नव्हतं का? तेलानं हाड जुळत नसतं. पण भ्यालते मी. ह्यांना नाय सांगितलं. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलं. आन हे चारचौघांत म्हणायचे, माझी बायको माझ्याशी एक शब्द खोटं बोलत नाय. ते म्हणले की मी उठून आत जायचे. पंचवीस वर्षं तेच. जायच्या आधी दवाखान्यात पण म्हणले, नर्सला. तवा सांगावं वाटलं. नाय सांगितलं."

तिनं रुमालानं चष्मा पुसला. पुसायला काही नव्हतं.

"तर ज्याच्यापायी खोटं बोलले, त्याचं तोंड तर बघू दे. खरं. हे असलं नको. आपल्या घरात खोटं लई झालं."

मी टीव्ही बंद केला. मग मला रडू आलं, आणि ते लपवायला मी ताट ओढून घेतलं आणि कॅमेरा काढला. फिल्टरसकट ट्यूबलाइटकडं धरला, कंप्युटरला जोडून चित्र घेतलं. पांढऱ्याधोप पडद्याच्या मधोमध करडा धब्बा. तोच. शनि नाही, आकाश नाही, नुसती ट्यूब आणि माझा डाग. फिल्टरच्या काचेवर धुळीचा एक कण बसला होता. फिल्टर कॅमेऱ्याला एवढा चिकटून होता की कणाची सावली थेट चित्रावर पडत होती. आणि मी शिस्तीची बाई, ग्रह रोज बरोब्बर त्याच कणाखाली नेऊन ठेवत होते.

फिल्टर काढायला गेले तर निघेना. मीच आवळलेला. फडक्यानं धरला, जोर लावला, बोटं लाल झाली, नखाखाली रक्त आलं. पक्कड आणायला उठले तर आई म्हणाली, "आण इकडं."

"तुला दिसणार नाही, आई."

"फिरकी उघडायला दिसायला कामून लागतं?"

तिनं दुधाच्या पिशव्यांची साठवलेली रबरं मागितली. तीन-चार रबरं फिल्टरच्या काठाला गुंडाळली, चाचपून, काचेला बोट न लावता. मग चिमटीत हलकंच धरला. "तू दाबतीस," ती म्हणाली. "दाबलं की वाकतं आन वाकलं की अजून बसतं. लोणच्याचं झाकण असंच असतंय." आणि फिरवला. निघाला. तिनं तो माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, "घे. उद्यापसून एवढं आवळू नको."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. ते माझ्या लक्षात नव्हतं, तिच्या होतं. ढग गेले होते. मी तिपटीचं भिंग घरीच ताटात ठेवलं. दुपटीचं एकच लावलं. पिवळा फिल्टर रबरी फुग्यानं फुंकून साफ केला आणि कॅमेऱ्यापासून लांब, भिंगाच्या पुढच्या तोंडाला बसवला, दोन बोटांनी, अलगद. पाऊण तासात काम झालं. इतक्या लवकर कधीच झालं नव्हतं.

टीव्हीवर शनि लिंबाएवढा आला. फिकट पिवळा, काठ स्वच्छ. दोन्ही बाजूंना केसासारखी रेघ, आणि गोळ्यावर तिची खरी सावली, इतकी बारीक की मीही जवळ जाऊन बघितली.

"हा तुझा?" आईनं विचारलं.

"माझा."

तिनं मान डावीकडं केली. उजवीकडं केली. मी हातात हात धरून उभी राहिले. कंपनीत साहेबासमोरही अशी उभी राहत नाही.

"डाग नाय," ती म्हणाली.

"नाही. दोन्ही बाजूंनी बारीक रेघ आहे, ते कडं."

"ते नाय दिसत." तिनं सरळ सांगून टाकलं. "गोळा दिसतो. पिवळा."

ती खुर्चीचे हात धरून उठली, टीव्हीजवळ गेली, आणि तोंड बाजूला वळवून, कानानं ऐकत असल्यासारखी त्याच्याकडं बघत राहिली.

"एवढाच?"

"एवढाच."

तिनं पडद्यावर त्याच्या शेजारी बोट टेकवलं. बोटाच्या पेरापेक्षा तो फार मोठा नव्हता.

"ह्यांना सांगून टाकायला पाहिजे होतं गं," ती म्हणाली. "एवढंसंच तर होतं."